सहा अंगठे आणि एक सही

संपादकांचं पत्र आलं, कामगार कायद्याची वाटचाल असं काहीतरी दिवाळीसाठी लिहून द्या. वाटचालीचं मला कळत नाही. मी कायदा चालताना फारसा पाहिलाच नाही, बसलेला पाहिला. अकोल्याच्या कापूस बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं, त्यात एक पंखा, तीन कपाटं आणि कायम शाईने रंगलेली बोटं घेऊन मी. तेव्हा संपादकसाहेब, वाटचाल राहू द्या. एका बाईच्या सहीची गोष्ट सांगतो, ती माझ्या छातीवर चाळीसेक वर्षं बसून आहे.

आधी आमचा धंदा काय ते सांगून टाकतो. कामगारांनी संघटना काढली की ती सरकारदरबारी नोंदवावी लागते. त्यासाठी सात जण लागतात. सातच का, पाच का नाहीत, हे मला नोकरी संपेपर्यंत कोणी सांगितलं नाही. सात जणांनी अर्जावर सही करायची, नाव, काम आणि पत्ता लिहायचा, संघटनेचे नियम जोडायचे. आम्ही तपासून तो नागपूरला धाडायचा आणि तिकडून प्रमाणपत्र यायचं. दिसायला साधं, पण अर्ज घेऊन येणारी माणसं साधी नसत. मी आधी अमरावतीला होतो, तेव्हा टांगेवाल्यांचा अर्ज आला होता. त्यांचे अध्यक्ष एक वकील, ते एकूण अकरा संघटनांचे अध्यक्ष. माझ्यासमोर बसून त्यांनी अर्धा तास विडी कामगारांची बाजू जोरात मांडली. शेवटी मागे उभ्या टांगेवाल्याने त्यांच्या कोटाला हात लावला आणि म्हणाला, "वकीलसायेब, आमी घोडेवाले हाओत."

वकिलांना अध्यक्ष होता येई कारण कायद्यात तशी सोय होती. संघटनेचे काही पदाधिकारी बाहेरचे असले तरी चालत. ही सोय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकोल्याला बदली झाली तेव्हा आम्ही नागपूरवाल्या मध्य प्रदेशात होतो. मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात. घर बदललं नाही, खुर्ची बदलली नाही, राज्यं तीन झाली. दर खेपेला शिक्के बदलायचे आणि जुन्या राज्याचे कागद मागच्या बाजूने कच्च्या कामाला वापरायचे. बायको-पोरं अमरावतीला आईजवळ, मी अकोल्याला एका खोलीत. शनिवारी दुपारच्या गाडीने निघायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायची आणि सोमवारी पुन्हा अकोल्याला. आज ते दिवस आठवले की त्या फलाटावरचा चहासुद्धा गोड लागतो. तेव्हा तो भिकार होता.

अकोल्यात तेव्हा जिनांची चलती होती. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीच्या सुमाराला भोंगा वाजायला लागायचा आणि उन्हाळा तोंडावर आला की बंद व्हायचा. आत रांगेने रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, आणि एकेका रेच्यासमोर एकेक बाई कापूस भरत बसलेली. दिवसभर रुई उडे. त्या बाया बाहेर निघत तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. पंचविशीची पोरगी साठीची दिसे.

तर एक दिवस दुपारी पाच बाया आणि दोन पुरुष ऑफिसात आले. पुढे होती ती द्वारकाबाई तायडे. उंच, सडपातळ, आवाज असा की आमच्या कपाटाच्या काचा ऐकत. ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "बाबू, आमाले संघटना काढाची हाय. कागद द्या."

मी म्हटलं, "बसा. काय त्रास आहे तुम्हाला?"

"पानी नाई प्याले. आनि लेकराईच्या झोया रस्त्यावरच्या झाडाले बांधा लागते. आत रडनं आयकू येत नाई, भाईर कुत्रे फिरून रायले. अजून काय पाह्यजे तरास?"

मी अर्ज काढला, सगळं लिहून घेतलं. सहीच्या जागी सहा जणांनी अंगठे उठवले. द्वारकाबाईपुढे शाईचं पॅड सरकवलं तर तिने हात मागे घेतला.

"मी आंगठा नाई लावत. सही करन."

"येते का?"

"नाई येत. तुमी लिवून द्या, मी गिरवतो."

मला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडे पाहून ते गिळलं. रद्दीतल्या एका कागदावर, मागच्या राज्याचा शिक्का असलेल्या, मी मोठ्या अक्षरात तिचं नाव लिहून दिलं. माझ्या अक्षराला एक खोड आहे. 'द्व' काढताना खालची शेपटी मी नको तेवढी लांब ओढतो. शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्या, गेली नाही. चार दिवसांनी बाई पुन्हा आली, टेबलाशी उभी राहिली, जीभ दाताखाली धरून सही केली. माझ्या शेपटीसकट. मग सरळ होऊन म्हणाली, "जमली नं?"

"जमली," मी म्हणालो. ती अशी हसली की आतल्या खोलीतून आमच्या साहेबांनी मान बाहेर काढून पाहिलं.

आता माझी चूक सांगतो. नियम असा की अर्ज करणारे खरंच त्या कारखान्यात कामाला आहेत का, ते आम्ही पडताळायचं. त्यासाठी स्वतः जिनात जाऊन हजेरीपट पाहिला असता तर भागलं असतं. पण मला तेव्हा टापटिपीचं वेड होतं. मी एक सुंदर पत्र तयार केलं, खाली रेघा मारून तक्ता आखला, त्यात सातही नावं वळणदार अक्षरात लिहिली आणि जिनाच्या म्यानेजरला पाठवलं, की हे सात कामगार आपल्याकडे आहेत काय ते कळवावे. शेवटी आमचं ठरलेलं वाक्य, माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. आमच्या आपटे साहेबांनी, ते पुण्याचे, पत्र पाहून मला शाबासकी दिली. म्हणाले, "देशमुख, तुमच्याकडच्या माणसाच्या हाताला असं वळण मी प्रथमच पाहतोय." मी चार दिवस हवेत होतो.

म्यानेजरचं उत्तर आठवड्यात आलं, अगदी नम्र. होय, सातही जण आमच्याकडे आहेत. नागपूरहून प्रमाणपत्र आलं. द्वारकाबाईने ते चौकट करून घेतलं आणि आम्हाला पेढे दिले.

मोसम संपला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि पुन्हा जिन सुरू व्हायचा दिवस आला.

त्या दिवसाची एक रीत होती. बॉयलरची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि मग जिनाचा गुलाब मुकादम फाटकात उभा राहून एकेक नाव पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्याने उंबरा ओलांडून आत जायचं. याला पुकारा म्हणत. ज्याचं नाव आलं नाही त्याला कोणी 'तुला काढलं' असं म्हणत नसे. त्याचं नाव आलं नाही, एवढंच. त्या दिवशी सात जणांची नावं आली नाहीत. फाटक बंद झालं तेव्हा बाहेर तेवढेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. समोर बसली आणि माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "बाबू, आमचे सात नावं त्याईले कोनं देल्ले?"

मला उत्तर माहीत होतं. टेबलाच्या खणात त्या पत्राची स्थळप्रत होती. मी म्हणालो, "चौकशी करतो."

ती उठून गेली.

मी कायदा उपसला, साहेबांनीही उपसला. संघटना केली म्हणून कामगाराला काढता येत नाही, हे त्यात होतं. पण मोसम संपला की नोकरी आपोआप संपलेली. मग काढलं कोणी, आणि कोणाला? साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बसत नाही हो कायद्यात." त्या वर्षीच्या अहवालात एक रकाना होता, संघटनेत सामील झाल्यामुळे कामगारांना त्रास झाल्याच्या तक्रारी. द्वारकाबाईने लेखी तक्रार दिली नव्हती. मी रकान्यात 'निरंक' लिहिलं. तेही वळणदार.

दोन मोसम असेच गेले. त्या सात जणांत कोणी डाळीच्या मिलमध्ये लागलं, कोणी शेतात निंदायला जाऊ लागलं. बाकीच्या कामगारांनी पाहिलं की संघटनेत नाव घातलं की पुकारा बंद, आणि वर्गणी द्यायला कोणी फिरकेना. चौकटीतलं प्रमाणपत्र द्वारकाबाईच्या भिंतीवर तसंच होतं. कायद्याप्रमाणे संघटना जिवंत होती.

आणि मग जिनिव्हाचा कागद आला. त्या गावी देशोदेशीची सरकारं, मालक आणि कामगार एकत्र बसून कामगारांच्या हक्कांचे करार ठरवतात. ज्या देशाने सही केली त्याने आपले कायदे त्याबरहुकूम करायचे. ज्याने केली नाही त्यालाही मधूनमधून विचारतात, बाबा रे, तुझ्याकडे कायदा काय आणि प्रत्यक्षात चालतं काय? तसा प्रश्न दिल्लीला आला, दिल्लीने मुंबईला विचारलं, मुंबईने नागपूरला आणि नागपूरने आम्हाला. सायक्लोस्टाइल केलेले फिकट इंग्रजी कागद, सोबत प्रश्नावली. साहेब म्हणाले, "देशमुख, मागच्या अहवालावरून भरून टाका. निरंक, निरंक, आणि पाठवा."

शनिवारी मी ते कागद सोबत घेतले आणि बडनेऱ्याच्या फलाटावर वाचायला काढले. त्यात म्हटलं होतं ते साधं होतं. कामगाराला कोणाची परवानगी न घेता संघटना करता यावी, आणि संघटनेत आहे म्हणून कोणाच्या पोटावर पाय येऊ नये, नोकरीत असताना तर नाहीच, नोकरीत घेतानाही नाही. घेतानाही. मी ते तीनदा वाचलं. आमच्या कायद्याला जो पुकारा दिसत नव्हता, तो कधी अकोल्याचं नावही न ऐकलेल्या माणसांना तिकडे बसून दिसला होता. अमरावतीची गाडी आली तशी निघून गेली, मी बाकावरच. घरी पुढच्या गाडीने पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, "बरं नाई का?" मी म्हटलं, "नाही."

सोमवारी साहेबांना काही न सांगता मोर्णा नदीपलीकडे द्वारकाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने बाज टाकली, पाणी दिलं. मी कागद काढून तिला त्यातलं सगळं आपल्या बोलीत सांगितलं.

तिने हात थांबवून ऐकलं. "हे कोनं लिवलं?"

"सगळ्या देशांनी मिळून."

"आपल्या देशानं सही केली?"

"अजून नाही केली."

"काहून?"

आता आली का पंचाईत. मी म्हटलं, "त्याचं असं आहे, बाई, सही केली तर सरकारी नोकरांनाही तशीच मोकळीक द्यावी लागते. आम्हाला सरकारने मान्यता दिलेल्या संघटनेतच जाता येतं, बाकी बरीच बंधनं आहेत. ती सोडायला सरकार तयार नाही."

"म्हंजे तुमच्यापायी आमचं अडून रायलं?"

माझ्या मनात हा विचार कधी आलाच नव्हता. दुसऱ्यांच्या संघटना नोंदवून देणारा मी, आणि सही अडली होती ती माझ्यासारख्या बाबूंवर. द्वारकाबाईला मात्र भलतंच हसू फुटलं. "मले चार दिवसांत जमली होती. देशाले एवढे वर्सं काहून लागून रायले बाप्पा?"

ती हसत होती म्हणून मला धीर आला असेल, किंवा आता नाही तर कधीच नाही असं वाटलं असेल. मी म्हणालो, "द्वारकाबाई, ती सात नावं मी दिली होती."

"मालूम हाय मले."

"कसं?"

ती आत गेली. प्रमाणपत्राच्या चौकटीमागून एक चिठोरं काढून तिने माझ्या हातात दिलं. मीच लिहून दिलेलं तिचं नाव, लांब शेपटीचं. "पुकाऱ्याच्या दिसी गुलाबच्या हातात कागद होता. कोनाले नाई घ्याचं त्याचा. मले वाचता नाई येत, पन माहं नाव येते वयखता. चार दिवस गिरवलं होतं. अशी शेपटी अकोल्यात दुसरं कोनी काढत नाई."

"मग तुम्ही मला विचारलंत..."

"तुमी सांगता का नाई ते पाहाले."

मला अशी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. पैसे खाल्ले असते तर लपवता आलं असतं. हे मी शाबासकी घेऊन, रेघा मारून, सुबक अक्षरात केलं होतं. ती पुन्हा मिरच्या पसरायला लागली आणि म्हणाली, "आता काय लिवसान त्या कागदावर?"

"खरं ते लिहीन."

"लिवा. पन नावं नका देऊ."

मी उत्तर लिहिलं. सात कामगारांनी संघटना नोंदवली, कार्यालयाने पडताळणीसाठी त्यांची नावं मालकाला कळवली, पुढच्या मोसमात सातही जणांना कामावर बोलावलं गेलं नाही, आणि प्रचलित कायद्यात त्यांना दाद मागायला जागा नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"नावं का नाहीत?"

"मागच्या खेपेस दिली होती, साहेब."

शाबासकी साहेबांनीच दिली होती, ते विसरले नव्हते. मग पेन उघडून त्यांनी सही केली आणि म्हणाले, "यापुढे यादी बाहेर जाणार नाही. हजेरीपट आपण जाऊन पाहायचा." आमच्या दोन खोल्यांपुरता कायदा त्या दिवशी बदलला. नागपूरहून दोनदा विचारणा आली, साहेबांनी दोनदा तेच उत्तर दिलं. दिल्लीहून पुढे जिनिव्हाला काय गेलं, ते मला माहीत नाही. निरंकच गेलं असेल.

पुढच्या पुकाऱ्याला आम्ही दोघं फाटकाशी जाऊन उभे राहिलो. कायद्याने आम्हाला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. साहेब कोट घालून, मी काखेत आमच्या ऑफिसचाच जुना हजेरीपट धरून, नुसते उभे. म्यानेजर लगबगीने आला, खुर्च्या मागवल्या, आम्ही बसलो नाही. गुलाब मुकादम एकदा आमच्याकडे पाही, एकदा म्यानेजरकडे. नावं पुकारली जात होती. सातांतले एक, दोन, करता करता सहा जण आत गेले. सातवं नाव आलं नाही. म्यानेजर हात जोडून म्हणाला, "सहा तो ले लिये साहब." फाटक लागलं. बाहेर द्वारकाबाई एकटी, आणि आम्ही दोघं.

मला वाटलं ती आता आम्हाला शिव्या देईल. ती म्हणाली, "बाबू, ते वकील लोक कामाले नसून अध्यक्ष कसे होतात?"

मी सांगितलं.

आठ दिवसांनी सभेचा ठराव आमच्याकडे आला. जिन कामगारांनी द्वारकाबाई तायडे यांना, बाहेरची व्यक्ती म्हणून, अध्यक्ष निवडलं होतं. ठरावाखाली शेपटीवाली सही. पहिल्या बैठकीला ती जिनाच्या ऑफिसात गेली तेव्हा आमच्या वतीने मी हजर होतो. म्यानेजर खुर्चीतून अर्धा उठला आणि अडकल्यासारखा तसाच राहिला. ती म्हणाली, "बसा म्हना नं, म्यानेजर सायेब. मी आता तुमची कामवाली नाई." त्या मोसमात फाटकाच्या आत पाण्याचे रांजण आले आणि झोळ्यांसाठी टिनाचा मांडव पडला. रेच्यावर मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. पोटाला डाळीच्या मिलमध्येच राबली, शेवटपर्यंत. ते माझ्या तक्त्यामुळे, हे मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

त्यानंतर बाजारात, स्टेशनवर, कुठेही भेटली की तिचा एकच प्रश्न असे. "झाली का सही?" मी म्हणे, "नाही झाली." मग ती मान हलवून पुढे जाई. मी निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसात आली. केस आता रुईशिवायच पांढरे. हार घातला, पेढा दिला, आणि विचारलं.

"नाही झाली, बाई."

तिने कंबरेची पिशवी सोडली. आतून ते चिठोरं काढलं. घड्यांवर फाटलेलं, मागे जुन्या राज्याचा शिक्का, पुढे तिचं नाव. ते तिने माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली.

"मले आता नाई लागत. हे दिल्लीले धाडा," ती म्हणाली. "सांगा, चार दिवस गिरवा म्हना. येते."